गिरणीवरची खूण

१

गिरणीवर तीन तोफगोळे पडले ते शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. पहिला शेतात गेला, दुसऱ्याने आवाराची भिंत पाडली आणि तिसऱ्याने निम्मं छप्पर खाली आणलं. चौथा सुटायच्या आत तोफखान्याच्या कप्तानाला दुर्बिणीतून दिसलं की धुरळ्यात कुणीतरी पांढरी चादर हलवत उभं आहे. त्याने घसा फाटेस्तोवर ओरडून तोफा थांबवल्या.

चादर हलवणारी आपल्याच फौजेची डॉक्टर होती. गिरणीत तिचं ठाणं होतं: अकरा जखमी, दोन परिचारिका आणि एक ड्रायव्हर. ड्रायव्हरचा पाय मोडला, डॉक्टरांचा एक कान बधिर झाला, बाकीचे नशिबाने वाचले.

नकाशावर मात्र गिरणीपाशी स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘शत्रूचा दारूगोळा’. लिहिणाऱ्याच्या जागी सही होती टाचणीची.

टाचणी म्हणजे नोंदणी कक्षातली लेफ्टनंट. अंगाने बारीक, आणि दुसऱ्याची चूक दिसली की टोचल्याशिवाय राहायची नाही, म्हणून हे नाव. तीन देशांच्या फौजा एकत्र लढत होत्या आणि तिघींची माहिती एकाच आराखड्यात ठेवली जायची, म्हणजे एकीने पूल म्हटलं की बाकीच्या दोघींना तोच पूल दिसावा. त्या आराखड्यात नोंदी करणं हे टाचणीचं काम, आणि आजवर तिच्या नोंदीत कुणाला काडीची चूक सापडली नव्हती.

“चार वाजता अहवाल वर जाईल,” तळाचे साहेब तिला म्हणाले. “त्यात दुसरं काही निघालं नाही तर तुमचं नाव जाईल. मग कोर्टमार्शल.”

“साहेब, ती नोंद माझीच आहे. पण मी ती ‘समजा’मध्ये केली होती!”

“मग ती ‘आहे’मध्ये आली कशी? चालत चालत?”

 सकाळपासून तेच तर टाचणीचं डोकं खात होतं.

“चौकशीला कोण येणार, साहेब?”

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “बाई येतायत,” ते म्हणाले, आणि टाचणीने नकळत कॉलरची गुंडी लावली.

२

बाई अकराला आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि नजर अशी की भल्याभल्या कर्नललाही आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. तळावरचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी कधी ना कधी त्यांच्या वर्गात बसला होता. हा आराखडा मुळात त्यांनीच उभा केला होता.

आणि काय उभा केला होता! बाईंच्या आधी फौजांच्या आराखड्यात फक्त वस्तू असायच्या: रणगाडा, पूल, खंदक. बाईंनी विचारलं, कुठल्या संदर्भात? रणांगणाबद्दल माणसं चार तऱ्हेची वाक्यं बोलतात, त्या शिकवायच्या. अमुक तिथे आहे. अमुक तिथे न्यायचं ठरलंय. अमुक तिथे आहे असं शत्रूला वाटतंय. आणि समजा, अमुक तिथे असतं तर? चारही वाक्यं कामाची, पण एकमेकांत मिसळली की माणसं मरतात. म्हणून त्यांनी संदर्भाचे चार खण केले, ‘आहे’, ‘ठरलंय’, ‘त्यांना वाटतंय’ आणि ‘समजा’, आणि प्रत्येक नोंदीला यातला एक खण सक्तीचा केला. ऐकायला किती सोपं, पण तोवर ते कुणाला सुचलं नव्हतं. टाचणी हा धडा पहिल्यांदा ऐकून वर्गाबाहेर आली तेव्हा अर्धा तास नुसती पायरीवर बसून राहिली होती.

आज त्याच बाईंसमोर ती आरोपी म्हणून उभी होती.

“काय लिहिलंस, कधी, कुठल्या खणात?” बाईंनी विचारलं.

“बुधवारी दुपारी, बाई. तोफखान्याचा यंत्राच्या पडद्यावरचा सराव होता. कप्तान म्हणाले, समजा गिरणीत शत्रूचा दारूगोळा आहे. मी ‘समजा’च्या खणात लिहिलं. शपथेवर सांगते.”

“शपथ राहू दे. पडदा दाखव.”

सकाळपासून टाचणीला पडद्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता बाईंच्या खुर्चीमागे उभी राहून तिने पहिल्यांदा ती नोंद पाहिली. खण: ‘आहे’. मजकूर तिचाच, सही तिचीच.

“नंबर काय आहे गिरणीचा?”

“सात-एकशे चौदा.”

“आणि तुझ्या नोंदींचे नंबर कितीपासून सुरू होतात?”

“तीन...” टाचणी पुढे वाकली. प्रत्येक कक्षाचा आकडा ठरलेला होता. तीन नोंदणीचा, पाच तोफखान्याचा. “सात तर दवाखान्याचा!”

“म्हणजे डॉक्टरांच्या नंबरावर तुझी सही बसली आहे,” बाई म्हणाल्या. “आता डॉक्टरांची नोंद शोध.”

टाचणीने शोधली. चारही खण धुंडाळले.

“नाहीये, बाई. ती नोंदच नाहीये कुठे.”

३

तोफखान्याचा कप्तान तळावरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला होता. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

“मी खण पाहिला होता, बाई. दोनदा पाहिला. ‘आहे’च होतं.”

“पाहिलाच असशील. वर्गातही तू सगळं दोनदा पाहायचास, म्हणून तुझा पेपर शेवटी यायचा.”

कप्तानाच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. “शिक्षा मला द्या, बाई. गोळे मी सोडले.”

“थांबवलेही तूच. सरावासाठी गिरणीच का निवडलीस?”

“तिचं अंतर मोजलेलं होतं. आणि ‘समजा’मध्ये काहीही मानता येतं, त्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय खरं,” बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

डॉक्टरांच्या कानावर पट्टी होती, त्यामुळे त्या अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. “सोमवारी मी स्वतः नोंद पाठवली! वैद्यकीय ठाणं, खण ‘आहे’! बुधवारी संध्याकाळीही होती, माझ्या डोळ्यांनी पाहिली! गुरुवारपासून जखमी येत होते, मग कोण बघतंय!” मग त्यांची नजर टाचणीवर गेली. “तूच का ती, जिचं नाव सगळे घेतायत?”

टाचणीने मान हलवली.

“इकडे ये. हात किती गार पडलेत बघ! काही खाल्लं आहेस का?” डॉक्टरांनी तिची नाडी धरली. “माझ्यावर गोळे टाकवणारी मुलगी अशी नसते हो, बाई! लिहून घ्या!”

तेवढ्यात टाचणीच्या खिशातला फोन वाजला. आईचा होता. आई एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती, आणि लेकीचा वर्दीतला फोटो तिने घरातल्या सहा भिंतींवर लावून पाहिला होता, उजेड कुठे बरा पडतो ते बघायला. टाचणी व्हरांड्याच्या टोकाला गेली.

“जेवलीस?”

“हो, आई.”

“खोटं बोलतेयस. आवाज का असा येतोय तुझा?”

“कामात आहे गं. नंतर करते.”

तिने फोन ठेवला. आईला काय सांगणार होती ती? की तुझ्या लेकीने दवाखान्यावर गोळे पाडले म्हणून? पाठीमागून कप्तान घाईघाईने आला.

“बाईंना सांगायला हवं,” तो म्हणाला. “आत्ता आठवलं. गुरुवारी सकाळी नकाशा वीस मिनिटं गोठला होता. त्या वेळी यंत्राशी काहीतरी चाललं होतं.”

४

यंत्रं सांभाळणारा अधिकारी दुसऱ्या देशाच्या फौजेतून आलेला होता. पाहुणा म्हणून सगळे त्याला आयता चहा आणून देत, आणि तोही खुर्चीतून न हलता तो घेई, म्हणून त्याचं नाव पडलं जावईबापू. आता तर त्याला तोंडावरही तेच म्हणत, आणि त्याला ते आवडायला लागलं होतं.

“गुरुवारी मी काही केलं नाही, बाई. रोज सकाळी साफसफाई चालते, तेव्हा नकाशा गोठतो. मी तर चहा पीत होतो. कुणालाही विचारा.”

“विचारायची गरज नाही. साफसफाईत काय होतं?”

“एकच वस्तू दोन फौजांनी दोनदा लिहिलेली असते. अशा जोड्या शोधून एक करायच्या. नंबर जुना ठेवायचा, कारण बाकी सगळं त्या नंबराला बांधलेलं असतं. मजकूर नवा ठेवायचा, कारण तो ताजा.”

“आणि खण?”

“खण नंबराला चिकटलेला. जुन्या नंबराचा जो खण, तोच राहतो.”

 टाचणी एकदम पुढे आली. “बाई! म्हणजे जुना नंबर डॉक्टरांचा, नवा मजकूर माझा...”

“आणि खण डॉक्टरांचा, ‘आहे’,” बाईंनी वाक्य पुरं केलं. “गिरणीत समजा दारूगोळा असेल, ही तुझी नोंद. तिला डॉक्टरांच्या नोंदीशी जोडलं की वाचायला मिळतं, गिरणीत दारूगोळा आहे. हे आधी कधी झालं नाही?”

“सराव आधी ज्याच्या त्याच्या वेगळ्या यंत्रावर व्हायचे,” जावईबापू म्हणाला. “या महिन्यापासून सगळे एकाच आराखड्यात आले.”

“जोडणाऱ्याचं नाव राहतं कुठे?”

“यंत्र विचारतच नाही. सही मजकुराबरोबर येते.”

“मग गुरुवारी जोडलं कोणी?”

जावईबापूने चहाचा कप पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवला. “माझ्या तोंडून कशाला वदवता? सकाळी सात ते साडेसात त्या यंत्रापाशी एकच माणूस बसतो. त्याच्या विजारीच्या घडीवर बोट कापेल.”

५

सगळा तळ त्या मेजरला इस्त्री म्हणायचा. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. टाचणीचं आणि त्याचं कधीच जमलं नव्हतं. तिच्या मेजावरच्या पसाऱ्याबद्दल त्याने दोनदा वर तक्रार केली होती. जिना चढताना तिच्या मनात आलं, हाच असू दे, देवा. आणि असं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली.

“गुरुवारची साफसफाईची यादी आहे?” बाईंनी विचारलं.

“सगळ्या आहेत. पहिल्या दिवसापासूनच्या.” इस्त्रीने कपाट उघडलं. लपवायचं काही असलेला माणूस इतक्या तत्परतेने कपाट उघडत नाही, हे टाचणीलाही कळलं. “नकाशावर एका जागी दोन खुणा मला खपत नाहीत, बाई. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.”

यादी छापील होती. रकाने पाच: नंबर, ठिकाण, मजकूर, कोणी लिहिलं, केव्हा. एकसष्ट जोड्या, आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीची नाजूक टिकली. चाळिसाव्या जोडीत गिरणी होती. वर डॉक्टरांची नोंद, खाली टाचणीची.

इस्त्रीने ती ओळ वाचली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “ही... मी जोडली?”

“टिकली तुमची आहे.”

“एक ठाणं आणि दुसरा दारूगोळा! तुम्हाला विचित्र नाही वाटलं?” टाचणीच्या तोंडून निघून गेलं.

“वाटलं ना! वाटलं की ठाणं मागे हललं आणि जागा शत्रूने घेतली. रोज असं होतं इथे. आणि नियम आहे, ठिकाण एकच असेल तर ताजं ठेवा.” “मी नियम सोडून काही केलं नाही, बाई. एक नोंद ‘आहे’ आणि दुसरी ‘समजा’, हे मला कळणार कसं? यादीत खणाचा रकानाच नाही. कधीच नव्हता.”

बाईंनी यादी हातात घेतली. पाचही रकान्यांवरून बोट फिरवत त्या कागदाच्या तळाशी आल्या. तिथे बारीक अक्षरांत नमुन्याचा क्रमांक छापलेला होता. बाई ते वाचत राहिल्या.

“मला जरा पाणी द्या,” त्या म्हणाल्या.

टाचणीने त्यांना वर्गात, परीक्षेत, साहेबांशी वाद घालताना पाहिलं होतं. काम अर्ध्यात थांबवून पाणी मागताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

६

पाण्याचा पेला तसाच राहिला. बाईंनी आधी फोन उचलला आणि तोफखान्याला सांगितलं, “मी पुन्हा फोन करीपर्यंत एकही गोळा सुटता कामा नये. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.” मग त्या खाली फरशीवर बसल्या, या महिन्याच्या सगळ्या याद्या पसरल्या आणि म्हणाल्या, “तिघांनी मिळून बघू. ‘समजा’तली प्रत्येक जोडलेली नोंद हवी आहे मला.”

कडक घडीची पर्वा न करता इस्त्रीही फरशीवर बसला. टाचणीला सरावाच्या नोंदी पाठ होत्या. ती नंबर सांगायची, तो पानं उलटायचा. तासाभरात आणखी दोन जागा सापडल्या. एका विहिरीवर नकाशा शत्रूचं ठाणं दाखवत होता. तिथे प्रत्यक्षात आपले चार टेहळे बसले होते, आणि त्या विहिरीवर दुपारी अडीचला तोफा चालायच्या होत्या.

अडीच वाजले तेव्हा तिघंही घड्याळाकडे बघत होते. बाहेर सगळं शांत होतं. इस्त्रीने चष्मा काढून बराच वेळ डोळे दाबून धरले.

साडेतीनला साहेबांच्या खोलीत सगळे जमले: कप्तान, जावईबापू, इस्त्री, टाचणी. बाईंनी एका दमात सांगून टाकलं.

“सोमवारी डॉक्टरांनी गिरणीतलं ठाणं लिहिलं, खण बरोबर. बुधवारी हिने सराव लिहिला, खण बरोबर. गुरुवारी मेजरांनी दोन्ही जोडल्या, नियमाप्रमाणे. यंत्राने जुना नंबर आणि नवा मजकूर ठेवला, नियमाप्रमाणे. शुक्रवारी कप्तानाने खण दोनदा तपासून गोळे सोडले. चौघांपैकी एकानेही चूक केली नाही.”

“मग चूक कुणाची?” साहेबांनी विचारलं. “गोळे तर पडले ना!”

“नमुना क्रमांक चारची. ही यादी बावीस वर्षांपूर्वी आखली गेली. तेव्हा आराखड्यात एकच खण होता, ‘आहे’. रकाना कशाला लागणार? चार वर्षांनी चार खण झाले. पडदे बदलले, धडे बदलले, यंत्रं बदलली. ही यादी तेवढी राहिली, कारण साफसफाईची यादी म्हणजे किरकोळ गोष्ट. इतकी वर्षं निभावलं, कारण ‘ठरलंय’ आणि ‘त्यांना वाटतंय’ या खणांतल्या नोंदी बहुधा जिथे अजून काही नाही अशा जागांच्या असतात, आणि सराव वेगळे व्हायचे.”

“आखली कोणी ही यादी?”

“मी,” बाई म्हणाल्या.

७

 साहेबांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

“बाई, ‘जुन्या नमुन्यात त्रुटी’ एवढं लिहू. नाव कशाला? पुढच्या महिन्यात पाच फौजांचा नवा आराखडा सुरू होतोय आणि प्रमुख म्हणून तुमच्याशिवाय दुसरं नाव नाही. हे वर गेलं तर ते गेलंच म्हणून समजा.”

“नोंदीखाली करणाऱ्याचं नाव हवंच, हे त्या आराखड्याचं पहिलं कलम आहे. तेही मीच लिहिलंय.” बाईंनी कागद ओढून घेतला. “सकाळी तुम्ही या पोरीचं नाव लिहायला निघाला होतात तेव्हा ‘नाव कशाला’ नाही म्हणालात.”

बाईंनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरांत घटनाक्रम लिहिला आणि खाली लिहिलं: दोष नमुना क्रमांक चारचा, आखणारी अमुक, खण वाढवताना नमुना बदलायला विसरणारीही तीच. सही केली आणि कागद टाचणीपुढे सरकवला.

“सगळ्या चौकशीत तू हजर होतीस. साक्षीदार म्हणून सही कर.”

टाचणीने कागद वाचला. त्या कागदावर ती सुटलेली होती. कोर्टमार्शल नाही, आईला तोंड दाखवता येणार होतं. सही करून धावत बाहेर सुटावं, इतकं हलकं तिला वाटायला हवं होतं.

“नाही, बाई,” ती म्हणाली.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांना ‘नाही’ म्हणणारं माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. “यात खोटं काय आहे?”

“खोटं काही नाही. अर्धं आहे. चूक तुमची, हे लिहिलंत. ती शोधली कोणी, ते कुठे लिहिलंत? दहा वर्षांनी कुणी हे वाचलं तर त्याला एवढंच कळेल की एका बाईच्या विसरभोळेपणाने दवाखान्यावर गोळे पडले. संदर्भ तोडलेली अशी नोंद मी वर्गात दिली असती तर तुम्ही ती माझ्यासमोर फाडली असतीत.”

“टाचणी...”

“फाडली असतीत की नाही, सांगा.”

कप्तानाने खाली मान घालून हसू दाबलं. टाचणीने पेन घेतलं आणि बाईंच्या सहीखाली, तिच्या त्या किरट्या अक्षरांत लिहिलं: “ही चूक अठरा वर्षांत दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आली नव्हती. आखणारीने ती स्वतः शोधली, त्याच क्षणी तोफा थांबवून विहिरीवरच्या चार टेहळ्यांचे जीव वाचवले, नाव लपवता येत असताना लपवलं नाही, आणि वरचा दोष स्वतःच्या हाताने लिहिला.” मग तिने सही केली.

इस्त्री पुढे आला. हात पुढे करून त्याने पेन मागितलं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. मग कप्तानाने केली. जावईबापूने, आपण दुसऱ्या फौजेचे असलो तरी चालेल ना, असं विचारत केली.

साहेबांनी कागद बाईंसमोर धरला. बाईंनी ती खालची दोन वाक्यं वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. एक शब्दही त्यांनी खोडला नाही.

“पाठवा,” त्या म्हणाल्या.